दोर सोडायचा हुकूम

भामरागडच्या कंपनीत माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी नायक होतो. गाव माझं चिमूरकडचं, त्यामुळे जंगल नवं नव्हतं. नवा होता तो सरकारी सात्यांचा कारभार. घरी आम्ही सात्या चवीसाठी खायचो, पलटणीत त्या हुकमाने खाव्या लागत.

शहरातल्या माणसांनी सात्यांची जादू नुसती ऐकलेली असते, म्हणून आधी ती सांगतो. पावसाळ्यात वारुळावर ही अळंबी उगवते. वर दिसते मूठभर, पण तिचं जाळं जमिनीखाली कोसभर पसरलेलं असतं, नदीच्या तळाखालूनही जातं. एका वारुळाच्या सात्या जे एका हंड्यातून खातात, ते त्या पावसाळ्यापुरते एकमेकांना जोडले जातात. उघडी टाच ओल्या जमिनीला टेकवली की आपला कोणता माणूस कुठे आहे, जिवंत आहे की नाही, ते पोटात कळतं. टाच दोनदा आपटली की ती खूण सगळ्यांना पोहोचते. याला आम्ही जोड म्हणायचो. आमच्या डाव्या बुटाच्या टाचेला रुपयाएवढं भोक असे आणि त्यात सागाचं बूच. सात्यांच्या भाजीत फक्त मीठ-हळद, कारण तिखटाने जोड बिघडते. सेक्शनमधला कोल्हापूरचा जवान म्हणायचा, देशासाठी आपण केलेला सगळ्यात मोठा त्याग हाच.

त्या जंगलात पाऊस लागला की वायरलेस नुसता खरखरतो. म्हणून आमच्या कॅप्टन साहेबांनी सगळा कारभार जोडीवर आणला. नावं पुकारून हजेरी घेणं बंद झालं. हवालदारांनी टाच टेकवायची आणि सांगायचं, "जोड पूर्ण, सर." वरून आलेल्या साहेबांनी या पद्धतीची वाहवा केली. एकदा वाहवा झालेली गोष्ट फौजेत कुणी तपासत नाही.

रैनू आमच्या सेक्शनचा शिपाई. तिथलाच माडिया, त्याचं गाव कंपनीपासून दोन कोसांवर, नदीपलीकडे. थट्टेखोर पोरगा. मला म्हणायचा, "उस्ताद, तुमच्या चिमुरात तलाव राह्यते, नदी नाई. म्हनून तुमी बोटीत बसले का डोळे मिटता." मी खरंच मिटायचो.

त्या वर्षी सेक्शनच्या सात्या शिजल्या तेव्हा रैनूने ताट परत ठेवलं. त्याच्या गावात पहिल्या सात्या त्यांच्या देवाला, पेनाला, चढतात. त्याआधी कुणी तोंडाला लावत नाही.

"खाऊन घे ना बे," मी म्हटलं. "कोन पाहून राह्यलं?"

"पेन पाहून राह्यला, उस्ताद. चार दिवस थांबा ना. मंग दोन ताटं खातो."

हंडा एकच असतो, तो एकदाच चढतो. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "एका माणसासाठी सगळं सेक्शन चार दिवस आंधळं ठेवू? त्याला तोंडी सांगत जा." विषय संपला. रैनू त्या पावसाळ्यापुरता जोडीबाहेर राहिला.

श्रावणात नदी चढली. पलीकडच्या वस्तीला काढायचं काम आमच्याकडे आलं. नदीवर आडवा दोर टाकला आणि त्याला धरून बोट ओढायची ठरली. म्हातारे आणि आजारी बोटीने अलीकडे येणार. चालणारे चार जवानांबरोबर मागच्या पहाडीवर जाणार. पलीकडच्या काठावर एक मोहाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे देऊन टोक धरायला एक माणूस हवा होता. पाणी चढेल तसा दोर सैल करायचा, ताणायचा. हाताला जाण असलेला माणूस रैनूच होता.

साहेबांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, "हुकूम आल्याशिवाय दोर सोडायचा नाही. दोर सुटला तर बोट गेली. हुकूम आला की सोड आणि पहाडी गाठ."

"जी, साहेब."

दुपारी शेवटची बोट घेऊन मी अलीकडे आलो. पाऊस असा की पलीकडचा काठ दिसत नव्हता. बोटीतून आम्ही एका आजीबाईला उचलून उतरवलं. हवालदारांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, हवालदारांनी टाच दोनदा आपटली. दोर सोडा, पहाडी गाठा. खूण माझ्याही पोटात वाजली. पलीकडे पहाडीच्या पायथ्याशी थांबलेले चौघे वर सरकू लागले, तेही कळलं.

"जोड?"

"पूर्ण, सर."

मी दोराकडे पाहिलं. दोर ताठ होता.

"साहेब, पलीकडं रैनू दोर धरून आहे."

"जोड पूर्ण आहे, नायक."

"तो जोडीत नाही, साहेब."

साहेबांनी ताठ दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाणी बघून गेला असेल. दोर झाडाला अडकला आहे."

आम्ही हाका मारल्या. नदीपुढे माणसाचा आवाज किती? शेवटी मी दोर धरला आणि तीन हिसके दिले. सोड, असं मला म्हणायचं होतं. दोराच्या खुणा आमच्यात कधी ठरल्याच नव्हत्या. थोड्या वेळाने पलीकडून तीन हिसके आले. धरलाय, काळजी नको. त्याला वाटत होतं, बोट अजून पाण्यात आहे.

मी बोट मागितली. "निगेटिव्ह." मी म्हटलं, मग दोर तरी कापू द्या, त्याला कळेल. साहेब म्हणाले, उद्या पहाडीवरच्या लोकांना आणायला हाच दोर लागेल. हिशोब चूक नव्हता. त्या हिशोबात रैनू तेवढा नव्हता. पुढे एक मोठा ओंडका वाहत आला, दोराला धडकला आणि दोर मधेच तुटून ढिला पडला. तोवर झाडामागचा नाला भरून आला होता, पहाडीची वाट बुडाली होती.

पाणी उतरल्यावर रैनू त्याच झाडाशी सापडला. दोर मनगटाला गुंडाळलेला होता.

चौकशी झाली. निष्कर्ष दोन ओळींचा: हुकूम वेळेवर देण्यात आला. शिपायाने तो पाळला नाही. मी माझा जबाब दिला होता, तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. कंपनीच्या गेटवर शहिदांच्या नावांची शिळा आहे. तिच्यावर रैनूचं नाव नाही. साहेबांना बढती मिळाली. याचा राग मला आजही आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

रिटायर झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी रैनूच्या गावी गेलो. पेनाला सात्या चढल्या, हंडा उतरला. वाढण्याआधी रैनूची आई एकेकाचं नाव मोठ्याने पुकारत होती आणि जो तो ओ देत होता. मी विचारलं, "बाई, तुमी सारे जोडीत आहा, मंग नावं काऊन घेता?"

"नवी सून राह्यते, पाव्हना राह्यते," ती म्हणाली. "जोडीत नाई तो मानूस नाई का, भाऊ?"

जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"माह्या पोरानं हुकूम मोडला म्हनते सरकार. मोडला का?"

"नाई, बाई. दोर सोडाचा हुकूम त्याले भेटलाच नाई. धराचा भेटला होता, तो त्यानं मोडला नाई."

तिने नदीच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे अजून धरूनच हाय तो."

ती उठली आणि मला नदीवर घेऊन गेली. त्याच मोहाच्या सालीवर दोराचे दोन वेढे अजून उमटलेले होते.

"तू त्याचा उस्ताद होता ना? सांग त्याले."

मी सावधान उभा राहिलो आणि परेडच्या आवाजात हुकूम दिला, "शिपाई रैनू! दोर सोड!"

बाई झाडाकडे पाहत राहिली.

"अजून एकदा सांग, भाऊ," ती म्हणाली. "पान्याचा आवाज बहूत होता."

मी पुन्हा सांगितलं.