वाढत्या अंगाची खुर्ची

आमच्याकडे मुलांच्या अंगावर त्यांच्या मापाचं काही चढतच नाही. शाळेचा ड्रेस घ्यायचा तर दोन वर्षं पुढचा, चप्पल घ्यायची तर टाचेमागे बोट मावेल अशी, स्वेटर घ्यायचा तर बाह्या दुमडून. दुकानदारच आधी विचारतो, "वाढत्या अंगाचं देऊ ना?" आणि आई मान डोलावते. मीही असे ढगळ ड्रेस घालून मोठी झाले. ढगळ ड्रेसनं कुणाचं काही बिघडत नाही.

पण माझ्या मोठ्या भावानं माझ्या तान्ह्या बाळासाठी गाडीतली खुर्चीसुद्धा वाढत्या अंगाची आणली. मुलगा आता घरभर पळतो, पातेली आपटतो, तरी ती खुर्ची आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझं माहेर आसेगावचं, सासर कारंज्याचं. मी कारंज्यात शाळेत गणित शिकवते, नवऱ्याचं बी-खतांचं दुकान आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी आईकडे आले आणि वाशिमच्या एका दवाखान्यात बाळ झालं. सिझर झालं होतं. घरी जायच्या दिवशी दादा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर ही भली मोठी लालकाळी खुर्ची, तिच्या पाठीला कुंकवाचं बोट लावलेलं. मामानं भाच्याला दिलेली पहिली वस्तू. अकोल्याहून आणली म्हणून सगळ्या वॉर्डाला सांगून झालं होतं.

"दादा, मी तान्ह्या बाळाची आण म्हटलं होतं," मी म्हणाले.

"हे वाढत्या अंगाची हाय. पोरगं सातवी-आठवीत जाईलोक पाहाचं काम नाही," दादा म्हणाला.

आईनं बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून त्याचं गाठोडं केलं होतं. ते गाठोडं दादानं त्या खुर्चीत ठेवलं. खुर्ची सरळ उभ्या पाठीची. पट्टे बाळाच्या कानाच्याही वरून निघत होते. ते तसेच गाठोड्यावरून ओढून घेतले, पायांमधून जायचा पट्टा तर खालीच दबून राहिला. मी टाक्यांनी वाकलेली, एका हातानं पोट धरून शेजारी बसले. गाडी निघाली. दादा आणि आई समोर बसून बाळाचं नाक कुणावर गेलं यावर बोलत होते.

गाव सुटल्यावर बाळाचं कुरकुरणं थांबलं. "पाह्य, कसं गाढ झोपलं, गुणाचं हाय," आई वळून म्हणाली. मी वाकून पाहिलं. बाळ खाली घसरलं होतं. हनुवटी छातीत रुतली होती, मान कमानीसारखी वाकली होती, आणि ओठांभोवतीची कातडी राखेच्या रंगाची झाली होती. नाकपुड्या हलत होत्या की नाही, मला दिसत नव्हतं.

मी जी ओरडले ती ओरडले. दादानं गाडी कडेला घेतली. मी पट्टे उपसून बाळाला बाहेर काढलं, छातीशी धरलं, मान सरळ केली. आधी काहीच झालं नाही. मग त्यानं एक लांब श्वास ओढला आणि टाहो फोडला. तेवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

आणि माझ्या घरचे काय म्हणाले?

"काहून ओरडून राह्यली? चांगलं झोपलं होतं, उठवून देलं लेकराले," आई म्हणाली.

"बाळंतिणीचं डोस्कं असंच असते काही दिवस," दादा म्हणाला.

मी पुढचा सगळा रस्ता बाळाला छातीशी धरून रडत गेले. त्यांना वाटलं टाके दुखतात.

घरी आल्यावर ती खुर्ची उलटी केली. खाली स्टिकर होता. त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की ही खुर्ची नऊ किलोंच्या पुढच्या मुलांसाठी आहे. माझा मुलगा तेव्हा तीन किलोंचाही नव्हता. दादा बारावी शिकलेला आहे, ट्रॅक्टरच्या पुस्तकातलं इंग्रजी बरोबर लावतो. खुर्चीखाली बघावं असं त्याला वाटलं नाही, आणि विकणाऱ्याला तर ते सांगायचंच नव्हतं. मी दादाला स्टिकर दाखवला. तो म्हणाला, "मंग वाढीन ना तो!" मामाचा मान राखला नाही म्हणून तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. खुर्ची ओसरीत पडली. तीत मांजर झोपायला लागलं. मांजराला ती बरोबर झाली.

लसीसाठी वाशिमला जायची वेळ आली तेव्हा मी ताठ सांगितलं, बाळ झालं त्याच दवाखान्यात नेलं तरच जाईन आणि डॉक्टरशी मीच बोलेन. बाळाच्या डॉक्टर बाईंनी माझं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही, एवढ्यावरच मी त्यांची झाले. तान्ह्या बाळाला मान धरता येत नाही, म्हणून खुर्ची मागे कललेली हवी, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे हवं, पट्टे खांद्याच्या बरोबरीनं किंवा जरा खालून निघायला हवेत, आणि पट्ट्याखाली दुपटं-गोधडी काही नको, असं त्यांनी सांगितलं. पांघरूण घालायचंच तर पट्टे लावून झाल्यावर वरून. एवढंच. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण नवऱ्याला ते कळायला मला फोनवर किती डोकं आपटावं लागलं! तो अकोल्याच्या दुकानात उभा राहून मला मोबाईलवर खुर्च्या दाखवत होता. मागून दुकानदाराचा आवाज, "वहिनीले सांगा, हे जन्मापासून मोठं होईलोक चालते. एक डाव घ्या अन् मोकळे व्हा."

"त्यात तान्ह्या बाळाची गादी घालून दाखवायला सांग," मी म्हणाले. दुकानदारानं घातली. तरी पट्ट्यांची सगळ्यात खालची भोकंसुद्धा बाळाच्या खांद्याच्या बरीच वर येणार होती. दुसरी दाखवली तिला गाडीच्या सीटमध्ये अडकवायच्या लोखंडी कड्या लागत होत्या. आमच्या जुन्या गाडीत तसल्या कड्याच नाहीत. तिसरी होती ती लहान, टोपलीसारखी, वर धरायला दांडी, गाडीच्या साध्या पट्ट्यानं बांधता येणारी, आणि उलट्या तोंडानंच बसवायची.

"हीच," मी म्हणाले.

"पण हे तं वर्षभरात लहान होईन त्याले," नवरा म्हणाला.

"होऊ दे!" मी इतक्या जोरात ओरडले की चुलीपाशी बसलेली आई दचकली. "दुकानात शेतकऱ्याला औषध देतोस तेव्हा डब्यावरचं माप वाचून देतोस ना? पुढच्या वर्षी पीक मोठं येईल म्हणून आत्ताच दुप्पट फवार, असं सांगतोस का कुणाला?"

 मग तो दुकानदाराला म्हणाला, "हे बांधा."

सव्वा महिना झाला आणि मला न्यायला नवरा, सासरे आणि मोठी नणंद आली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते आणि नणंदेला ताई. टोपली मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी नवऱ्यानं आदल्या दिवशीच बांधली होती, ओढून, गुडघा रेटून. मी तिला हलवून पाहिलं. बरोबर बसली होती.

मग अंगणात तमाशा सुरू झाला. आईनं बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, पुन्हा दुपट्याचं गाठोडं केलं. मी ते सोडलं. पाय मोकळे केले, पट्टा पायांमधून घेतला, खांद्यावरचे पट्टे चिमटीत धरता येणार नाहीत इतके ओढले. "जीव घेते का त्याचा आवळून?" आई म्हणाली. शेजारच्या दोन बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. माझी ओटी भरली, नारळ मिळाला, पण कुणाचं लक्ष ओटीकडे नव्हतं.

मामाजी गाडीभोवती फिरून आले आणि म्हणाले, "उलटं कायले बसवलं? जाऊन राह्यला आपल्या घरी अन् तोंड आजोळाकडं? पोरगं जन्मभर मामाकडंच पाहात राहीन." सगळे हसले. दादाही हसला, महिन्याभरात पहिल्यांदा.

ताईंना हसू आलं नाही. त्या आत्या. भाच्याला मांडीवर घेऊन घरात न्यायचा मान त्यांचा. त्यासाठी त्यांनी नवीन साडी नेसली होती. "लेकराले आत्याची मांडी असते वं, खुर्ची नाही," त्या मला म्हणाल्या. "मी असा धरून ठेवीन का देव आला तरी सोडणार नाही. आमी पाच जणं एका मोटरसायकलीवर लग्नाले जात होतो. मेलो काय?"

"जे मेले ते सांगायला येत नाहीत, ताई," मी म्हणाले.

 शुभ कामाला निघताना मी काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. आईनं कपाळावर हात मारला. मामाजी म्हणाले, "चाला, वेळ टळून राह्यली." मी गाडीचं दार धरून उभी राहिले आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्या बाजूनं बोलला असता तर मी माहेरीच राहिले असते, हे त्याला माझ्या तोंडावर दिसलं असावं. "ताई, तू बस तिकडच्या खिडकीपाशी," तो म्हणाला, खाली बघून.

ताई बसल्या, पण तोंड फुगवून. आईनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा डिक्कीत ठेवायचा होता. तो त्यांनी नवऱ्याच्या हातातून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "मांडी रिकामी कायले न्या," म्हणाल्या. मला लागावं म्हणूनच म्हणाल्या, आणि मला लागलंही. मी दोघांच्या मधे बसले, कमरेचा पट्टा लावून. मामाजी समोर. त्यांनी पट्टा अंगावर घेतलाच नाही, गाडी टूंटूं वाजू नये म्हणून तो आधीच पाठीमागून घेऊन अडकवून ठेवलेला होता. गाडीत बसायची ही आमच्या घरची रीत.

मंगरूळपीर मागे पडलं. सोयाबीन निघून गेलेली रिकामी रानं आणि मधेमधे उभी तूर. ताई माझ्याशी बोलत नव्हत्या. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत होत्या. बाळ मागच्या काचेकडे तोंड करून झोपलं होतं, हनुवटी वर, ओठ गुलाबी. मी दर थोड्या वेळानं बघत होते.

तुरीतून रोही निघाला. एवढं मोठं नीलगायीचं जनावर, एका उडीत रस्त्यावर. नवऱ्यानं ब्रेक दाबला. टायर किंचाळले, गाडी आडवी गेली. माझा पट्टा टाक्यांवर असा बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मामाजींचं कपाळ समोर आदळलं. आणि माझ्या उजव्या बाजूनं काहीतरी चमकत पुढे गेलं आणि समोर आपटून फुटल्यासारखा आवाज झाला.

गाडी थांबली. रोही पलीकडच्या रानात निघून गेला होता.

मी आधी डावीकडे पाहिलं. टोपली जागची जरा हलली होती, बस. बाळानं डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं, मग पुन्हा मिटले. रडलंही नाही.

मग उजवीकडे पाहिलं. ताईंचे दोन्ही हात ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर होते, बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. हात सोडायचं त्यांना सुचत नव्हतं. मांडीवर काही नव्हतं. डबा पुढे गिअरपाशी पडला होता, झाकण एकीकडे, एक बाजू आत चेपलेली. लाडवांचा चुरा काचेवर, मामाजींच्या धोतरावर, सगळीकडे.

 माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं. अंगणातलं एकेक हसणं मला सगळ्यांच्या पदरात परत घालायचं होतं. राग असा दाटला होता की दात दुखायला लागले. पण ताई त्या डब्याकडे बघत होत्या, नुसत्या बघत होत्या, आणि मी माझं तोंड मिटून घेतलं.

कारंजा आलं. मामाजींच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. "देवानं वाचवलं," ते उतरताना म्हणाले. देवानं! महिनाभर मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मी दांडी धरून टोपलीसकट बाळाला खाली उतरवलं. त्यांनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि मग त्यांची नजर ताईंच्या हातातल्या डब्यावर गेली.

"अवो बाई, नवाकोरा डबा! कसा चेपला?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे. ताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, मनगटाला रुमाल बांधलेला, डबा पोटाशी धरलेला.

"माह्या मांडीवर होता," त्या म्हणाल्या.