उजव्या कानावरची कृपा

मुंबईच्या विमानतळावर खुर्चीत बसून मी देवाला सरळ विचारलं, तुझं माझ्याशी काय वैर आहे ते एकदा सांगून टाक. हे मनातल्या मनात विचारलं, कारण तोंडाला कुलूप होतं. गळ्यात लाल फडक्यात बांधलेला तांब्या, तांब्यात माझ्या मंडळीच्या अस्थी, आणि उजव्या कानात असली कळ, जणू कुणी तापलेला खिळा ठोकून राह्यलंय. डावा कान माझा कवाच गेलेला. जालन्याच्या एका लोखंडाच्या मिलमध्ये तीस वर्षं काढली, तिथल्या दणदणाटात तो गेला. तवा डॉक्टरनं बजावलं होतं की आता उजवा जपा, तो गेला तर काहीच ऐकू यायचं न्हाई. आणि आता तोच बंद पडला होता. पोरगी समोर उभी राहून बोलून राह्यली होती, तिचे ओठ हलत होते, पण माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. देव आहे का न्हाई, असली शंका मला त्या खुर्चीत आली. खोटं कशाला बोलू.

ही वेळ माझी मीच ओढवून घेतली होती. मी टेंभुर्णीचा राहणारा. मंडळीला जाऊन तवा सात महिने झाले होते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पाणी बंद ठेवलं होतं. ती मला म्हणली, घोटभर द्या. मी म्हणलो, "गप पड, सांगितलेलं कळत न्हाई का?" ती गप पडली. ती पुन्हा काही बोललीच न्हाई. डॉक्टरांचं बराबर होतं, पाणी दिलं असतं तर वाईटच झालं असतं, हे मला मान्य आहे. पण बोलायची ती रीत नव्हती. जन्मभर मी असाच बोललो आणि तिनं जन्मभर ऐकून घेतलं, त्याचं तवा काही वाटलं न्हाई. मात्र तो एक शब्द माझ्या छातीत रुतून बसला.

तिच्या बऱ्याच अस्थी तिसऱ्या दिवशी पूर्णा नदीत सोडल्या. थोड्या तांब्यात ठेवल्या आणि अस्थी घरात आणत न्हाईत म्हणून तांब्या शेतातल्या लिंबाला बांधून ठेवला. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी उठून बोललो की ह्या अस्थी मी काशीला नेणार, आणि गावाची वेस ओलांडल्यापासून त्या गंगेत पडेस्तोवर माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जाणार न्हाई आणि तोंडातून शब्द निघणार न्हाई. तिला पाणी दिलं न्हाई आणि गप बसवलं, त्याची ही भरपाई. भावकीतल्या एकानं टोमणा मारला की हा गप बसला तर गावाला सुट्टी द्यावी लागंल. हसू द्या म्हणलं, मी बोललो ते बोललो.

माझी पोरगी मंदा, एकुलती एक. संभाजीनगरला शिवणकाम करती. तोंडानं माझ्यापेक्षा फटकळ. तिनं हिशेब मांडला की रेल्वेनं काशीला जायचं तर दोन दिवस लागतील, आणि या वयात दोन दिवस निर्जळी म्हणजे एकाच्या अस्थी न्यायच्या आणि दुसऱ्याच्या तिकडून आणायच्या. मंग तिनंच विमानाची तिकिटं काढली. सकाळी संभाजीनगरहून मुंबई, दुपारी मुंबईहून काशी, दिवस मावळायच्या आत गंगेवर. खर्चा तिनंच केला. तांब्याचे कागद बी तिनंच तयार केले. मी पहाटे लिंबाखालून तांब्या सोडला, गळ्यात बांधला, वेशीवर नारळ ठेवला आणि तोंड मिटलं.

आता कबूल करतो, विमान वर उचललं तवा मला लई मजा वाटली. अस्थी गळ्यात असताना मजा वाटावी का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. पण खाली शेतं चौकटीच्या लुगड्यासारखी दिसून राह्यली होती, ढग तर सरकी काढलेल्या कापसासारखे, आणि आपण त्याच्या वर. तांब्यावर हात ठेवून मी मनात तिला दाखवत होतो, हे बघ, ते बघ. कानात जरा दडे बसल्यागत झालं, तिकडं मी लक्ष दिलं न्हाई. मंग विमान उतरायला लागलं आणि सगळी मजा निघून गेली.

कान आतून आवळत गेला. कुणीतरी अंगठा घालून दाबतंय, अजून दाबतंय, असं. माझा चेहरा बघून विमानातली पोरगी धावत आली, तिनं पाणी पुढं केलं, गोळ्या पुढं केल्या. घोट गिळला, काही चघळलं की कान मोकळा होतो म्हणे. मी मान हलवली. मंदानं नाक दाबून हळू फुंकायला सांगितलं, ते केलं तर कळ उलटी मस्तकात गेली. जांभई येते का बघा म्हणली, तर भीतीनं जांभई बी येईना. बाकी सगळे उपाय घशातून जाणारे, आणि घसा तर मी देवाला लिहून दिलेला. चाकं जमिनीला टेकली तवा डोळ्यांतून पाणी गळून राह्यलं होतं आणि जग मुकं झालं होतं.

त्या खुर्चीत तासाभरानं कान खाडकन वाजला आणि उघडला. एकदम सगळा गलका आत शिरला. जिवात जीव आला, पण त्याच्या मागोमाग भीती आली. पुढचं विमान याच्या दुपटीहून जास्त वेळ उडणार होतं. ह्या वेळी नशिबानं उघडला, पुढच्या वेळी पडदा फाटला तर? घरात तिचा आवाज न्हाई म्हणून भिंती अंगावर येतात. पण सकाळी चिमण्या ऐकू येतात, शेजारच्या नळाला पाणी आलेलं कळतं, रोज रात्री मंदाचा फोन येतो. तेबी गेलं तर जित्या माणसाला पुरल्यागत होईल. मी मंदाला खुणेनं सांगितलं, आता रेल्वेनं जाऊ. ती माझ्या समोर खाली बसली, पाण्याची बाटली हातात घेऊन.

"बाबा, एक घोट प्या," ती म्हणली. "आईनं आजपर्यंत तुमच्यावर कधी राग धरलाय का? मंग आता कशाला धरील?"

मी तोंड फिरवलं. तिनं बाटली पिशवीत टाकली आणि माझ्या बाजूला बसून रडली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं, तवढं ऐकू यायला नको होतं असं वाटलं. रेल्वेनं गेलो तर तहानेनं मरतो, पाणी प्यालो तर बोल मोडतो, विमानात बसलो तर कान जातो. सगळीकडून अडलो. मंग मी देवाला दुसऱ्यांदा बोललो. म्हणलो, वैर बिर जाऊ दे. कान तुझाच आहे, ठेवायचा तर ठेव, न्यायचा तर ने. मला फक्त हिला गंगेवर पोचवू दे. एवढं म्हणलो आणि उठून रांगेत उभा राह्यलो. भीती गेली नव्हती, पण डोकं हलकं झालं होतं.

काशीच्या विमानात मंदाची जागा माझ्या मागच्या रांगेत आली. माझ्या शेजारी पन्नाशीतला एक माणूस येऊन बसला, पांढरी दाढी, अंगाला अत्तराचा वास. त्यानं आधी माझ्या पिशवीकडं पाह्यलं. पिशवी जालन्याच्या बियाण्याच्या दुकानातली, वर मोठ्या अक्षरात गावाचं नाव. त्याचं तोंड उजळलं. त्यानं सांगितलं की तोबी जालन्याचा, मस्तगडाला घर, साड्यांचं दुकान, आणि वर्षातून चार वेळा माल बघायला बनारसला जातो. मी नुसती मान हलवली. तो बोलतोय आणि मी दगडासारखा बसलेला, शिवाय उजव्या कानावर तळवा दाबून धरलेला. मागून मंदानं खुर्च्यांच्या फटीतून सगळं सांगून टाकलं, निर्जळी, मौन, सकाळचा कान, डावा गेलेला, सगळं. सांगताना माझ्या हट्टाला चार शिव्या बी घातल्या.

माणूस हसला न्हाई. त्यानं तांब्याकडं बघून हात छातीला लावला. मंग मला म्हणला, "चचा, रोजा मुँह का है ना? कान ने क्या बिगाडा?"

आणि त्यानं खिशातून एक छोटी डबी काढली. रमजानमध्ये रोजा धरून एकदा त्याला बनारसला जावं लागलं होतं. पाणी प्यायचं न्हाई, काही चघळायचं न्हाई, आणि विमान उतरताना त्याचे कान माझ्यासारखेच फुटायला आले. घरी परत आल्यावर त्यानं शोधून शोधून हे कानातले बोळे आणले, विमानासाठीच बनवलेले. मऊ रबराचे, मधी बारीक भोक, त्यात हवा गाळून सोडणारं काहीतरी. हवेचा दाब कानावर एकदम येत न्हाई, सावकाश येतो, असं त्यानं समजावलं. तवापासून तो एक जोडी स्वतःला आणि एक कोरी जोडी जवळ बाळगतो. कोरी का, तर त्याचं त्यालाच ठाऊक न्हाई. आजवर कुणाला लागली नव्हती म्हणे.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझ्या व्रताचं कुलूप ज्याला बराबर कळंल असा एकच माणूस त्या विमानात असावा, तो माझ्या गावाकडचा असावा, माझ्याच शेजारी बसावा, आणि उपाय असा असावा की त्यात घशाचं काही कामच न्हाई. मी यावर वाद घालत न्हाई. झालं ते सांगतोय.

माझे दोन्ही हात तांब्यावर होते. त्यानं विचारलं, मेरा हाथ लगा तो चलेगा ना. एक क्षण माझ्या मनात आलं की मी व्रतात आहे, गळ्यात अस्थी आहेत, परक्याचा हात कसा लागू द्यावा. आलं ते लपवत न्हाई. पण दुसऱ्या क्षणी माझी मलाच लाज वाटली आणि मी मान त्याच्यापुढं केली. त्यानं माझा कान वर मागं ओढून धरला आणि बोळा हळूहळू फिरवत आत बसवला, लहान लेकराचं करावं तसं. सात महिन्यांत माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले. विमान वर गेल्यावर त्यानं तो काढायला लावला. मंग उतरायला बराच वेळ असताना, मी खिडकीतून बघण्यात गुंग असताना, मला हलवून पुन्हा घातला आणि दार उघडेस्तोवर हात लावायचा न्हाई अशी ताकीद दिली.

विमान उतरू लागलं. बैलाची लाथ बसणार हे ठाऊक असताना माणूस जसा अंग चोरून उभा राहतो, तसा मी बसलो. कानावर दाब आला. आता कळ येईल, आता येईल. दाब तेवढाच राह्यला. कुणी नुसता हात ठेवावा आणि दाबू नये, तसा. पुढं कुठंतरी एक लेकरू रडून राह्यलं होतं, ते बोळ्यातून दबकं ऐकू येत होतं. माझा कान दुखत नव्हता. खाली नदी दिसली, वळण घेतलेली, आणि मला एवढा आनंद झाला की ओरडावं वाटलं, आणि ओरडता येईना. मी त्या माणसाचा हात धरून गदागदा हलवला. तोंड मिटून हसत होतो आणि नाकाडोळ्यांतून पाणी. मागून मंदा घाबरून विचारत होती, बाबा, फार दुखतंय का. त्यानंच तिला सांगितलं, नहीं बेटा, चचा खुश है.

दार उघडलं, मी बोळा काढला, आणि सगळं ऐकू आलं. पिशव्यांच्या चेनी, पावलं, लेकराची उचकी, मंदाचं नाक ओढणं. बोळे परत द्यायला गेलो तर त्यानं माझी मूठ मिटली, म्हणला वापसी में लगेंगे. गर्दीत तो पुढं निघून गेला. मी मौनात, त्यामुळं त्याचं नावबी विचारता आलं न्हाई, आभारबी मानता आले न्हाईत. मस्तगडाला दोनदा जाऊन आलो, अजून गाठ पडली न्हाई. पडंल.

दिवस मावळायच्या जरा आधी आम्ही घाटावर पोचलो. गुरुजींनी माझ्या हातावर दर्भ आणि तीळ ठेवले आणि संकल्पासाठी गेलेल्या माणसाचं नाव विचारलं. मंदा सांगायला गेली तर ते म्हणाले, विधी जो करतो त्यानंच उच्चारायला पायजे. मी अडलो. एक तर अस्थी अजून तांब्यातच, बोल पुरा व्हायचा होता, आणि दुसरं त्याहून अवघड. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला नावानं कधीच हाक मारली न्हाई. अगं, ए, ऐकलं का, झालं. आमच्यात तशी रीतच न्हाई. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा निघावा असं मी घरून ठरवून आल्तो. पण गुरुजी थांबले होते, गंगा समोर होती. सुकलेल्या जिभेनं मी म्हणलो, कौसा.

आणि मला ते ऐकू आलं. माझ्याच तोंडचं तिचं नाव माझ्या उजव्या कानात बराबर पोचलं. मी परत म्हणलो, कौसल्या. मंग तांब्या पाण्यात उपडा केला.

देवानं कान का ठेवला ते मला त्या पायरीवर कळलं. मी भरपाई करायला निघालो होतो, व्रत माझं, हट्ट माझा, हिशेब माझा. त्याला माझं गप बसणं नको होतं. सगळं त्याच्यावर टाकलं, तवा त्यानं एका अनोळखी माणसाच्या हातानं माझं काम केलं. त्या माणसाला आणि त्या देवाला माझा रोज नमस्कार असतो, एकाच वेळी, कारण मला ते दोघं वेगळे धरता येत न्हाईत.

आता घरी मी तिला नावानंच बोलतो. चहा झाला कौसा, ऊन तापलं कौसा. शेजारीण म्हणती म्हातारा बडबडतो. बडबडतो. मला ऐकू येतं.