मोजणारी फ्लोरा

फ्लोरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मंगळवारची सकाळ होती. ठाण्याहून तिची मुलगी लीया बोलत होती आणि तिचा आवाज इतका सरळ होता की मला आधी काही कळलंच नाही. "मावशी, आई पहाटे गेली... दुपारी दोनला नेतोय." मी म्हटलं, दोनला? अगं, धुळ्याहून ठाणं म्हणजे काय देवपुरातून पाचकंदिलाला जाणं आहे का? सहा-सात तास लागतात. संध्याकाळपर्यंत तरी थांबा. ती हळूच म्हणाली, "आमच्यात ठेवत नाहीत गं." हे मला ठाऊक होतं, तिच्या आईनेच शिकवलेलं. तरी मी फोन ठेवला तो रागाने. शेजारात तीस वर्षं काढली आणि शेवटचं तोंडही पाहायला मिळू नये? काही वर्षांपूर्वी फ्लोराने मला तोंडावर सांगितलं होतं की आमच्या मोजणीत तुम्ही येत नाही. ते वाक्य त्या दिवशी पुन्हा टोचलं. खरंच आम्ही तिच्या मोजणीत नव्हतो का, हा प्रश्न मग आठवडाभर डोक्यातून जाईना.

आम्ही दोघी देवपुरातल्या एकाच शाळेत शिक्षिका. ती गणिताची, मी मराठीची. तिचे यजमान रेल्वेत होते, जळगावला. ते अकाली गेले आणि फ्लोरा लहानग्या लीयाला घेऊन धुळ्याला आली, ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहिली. आडनाव कोकणातल्या गावाचं, नेसणं-वागणं सगळं आमच्यासारखं, आणि मराठी माझ्याहून स्वच्छ, हे मी मराठीची बाई असून कबूल करते. गल्लीत तिला सुरुवातीला "ख्रिश्चन बाई" म्हणत. तिने चिडायचं सोडून प्रत्येकाला बसवून सांगितलं, की आम्ही बेने इस्राएल, यहुदी. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. हे तिने दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, मुख्याध्यापकांना तर दोनदा. "तुम्हाला नाही कळायचं" हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही. नापास होणाऱ्या पोरालाही ती त्रैराशिक चौथ्यांदा त्याच आवाजात समजावायची, मी दुसऱ्यांदाच खडू आपटायचे.

लीयाचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं आणि मुलगा झाला. त्यांच्यात मुलाची सुन्नत आठव्या दिवशी होते. आठव्या म्हणजे आठव्याच, मग तो शनिवार असो की सण असो. त्याच दिवशी नाव ठेवतात. फ्लोराने सगळ्या गल्लीला बोलावलं. विधी करणारे गृहस्थ ठाण्याहून आले होते. दिवाणखान्यात दोन खुर्च्या मांडलेल्या, एक साधी, बाळाला मांडीवर घेणाऱ्याची, आणि दुसरीवर पांढरी चादर, वर मोगऱ्याचे गजरे. माझे सासरे, आबा, धरणगावहून कापसाची कामं टाकून एसटीने आले होते. घामाघूम माणूस आत आला, सजवलेली खुर्ची पाहिली, आपलाच मान समजला आणि ऐसपैस बसला.  ठाण्याच्या गृहस्थांचा चेहरा तर असा झाला की मी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. फ्लोरा पुढे आली. "आबा, ही खुर्ची पाहुण्यांची आहे." आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मंग मी कोन शे?" ती हसली आणि तिथेच, बाळ रडत असताना, तिने समजावलं, की एलिया नावाचे आमचे प्रेषित आहेत, मुलाच्या या विधीला ते प्रत्येक घरी येतात अशी श्रद्धा आहे, दिसत कोणालाच नाहीत, पण जागा ठेवायची असते. आबांनी मान डोलावली. "आमनाकडे बी पाचवीले सटवाई येस. कोनले दिखस नही." ते उठले, खुर्चीला हात जोडले आणि शेजारी सतरंजीवर बसले. बाळाच्या ओठाला थेंब लावला तो मनुकांच्या सरबताचा आहे, दारूचा नाही, हेही त्यांनी विचारून खात्री करून घेतलं. नाव ठेवलं योनातन.

तेरा वर्षांनी पुन्हा तसाच जमाव जमला, पण त्याआधी भांडण झालं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्यांच्यात बार मिट्झवा करतात. आम्ही त्याला "योनाची मुंज" म्हणायचो आणि फ्लोरा दर वेळी दुरुस्त करायची, "मुंज नाही. मुंजीनंतर मुलगा शिकायला लागतो. इथे शिकून झालेलं असतं, आता चुकला तर त्याचं पाप त्याच्या डोक्यावर, बापाच्या नाही." जावई रुबेन म्हणत होते, ठाण्यात करू, तिथे आपली माणसं आहेत, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, धुळ्यात आहे कोण आपलं? फ्लोरा म्हणाली, "जन्मला इथे, तर मोठाही इथेच होईल. दहा जण मी जमवते. नाही जमले तर घर विकून तुमच्याकडे येते, पुन्हा धुळ्याचं नाव काढणार नाही." मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. ही बाई बोललेलं मागे घेणारी नव्हती.

मुलाच्या शाळेची सुट्टी बघून एक सोमवार ठरला. वाढदिवस त्यानंतर दहा दिवसांनी होता, पण जावई म्हणाले, दहा दिवसांनी काय बिघडतं, आणि फ्लोरानेही ते मान्य केलं. धुळं कबूल झालं हेच तिला पुष्कळ होतं. चामड्यावर हाताने लिहिलेली त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी जावयांनी ठाण्याहून गाडीत मांडीवर धरून आणली. पुरुष आले नऊ. दहाव्याची गाडी चांदवडच्या घाटात बंद पडली आणि ते नाशिकला परत फिरले. वाचन सकाळीच व्हायला हवं होतं. जावई सारखे घड्याळाकडे बघत होते, आणि तेच फ्लोराला लागत होतं. आबा तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात, पण काठी टेकून उभे राहिले. "दहावा मी शे. धरा मोजामा." मागोमाग आमचे हे उठले, गल्लीतले आणखी चौघे उठले. दुसरी कोणी असती तर "तुम्ही घरचेच" म्हणून वेळ मारून नेली असती. फ्लोरा म्हणाली, "नाही आबा. ज्यांच्यावर ही बंधनं आहेत, त्यांनाच यात धरतात. तुम्ही या मोजणीत येत नाही."  माझी जीभ मात्र कधीच गप्प बसत नाही. मी म्हटलं, "तीस वर्षं शेजारी राहून आम्ही मोजत नाही का गं?" ती माझ्याकडे वळली. "सुमन, मीही नाही येत. बायकांना धरत नाहीत." "मग तू कोण?" "मी मोजणारी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते.

 मग आबांनीच विचारलं, "पोऱ्याले तेरा वरीस तारीखनी पुरा व्हतीन का तिथीनी?" जावई म्हणाले, वाढदिवस अजून दहा दिवसांनी. "ती तारीख व्हयनी. तिथी सांगा." फ्लोरा दचकली. आत गेली आणि प्रार्थनेचं जुनं पुस्तक घेऊन आली. त्याच्या पहिल्या पानावर नातवाच्या जन्माची हिब्रू तिथी तिने स्वतः लिहिली होती. त्यांचं वर्षही चंद्राचं, त्यांनाही आपल्यासारखा अधिक महिना, त्यामुळे तिथी तारखेच्या मागेपुढे होते. गणिताची बाई, आणि हे तिच्या लक्षात राहू नये... तिने ठाण्याहून आलेल्या हझानसमोर, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर, पान धरलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. तिथीने योनाला तेरा पूर्ण होऊन तेरा दिवस झाले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दहावा हा." आम्हा सगळ्यांना त्या क्षणी बार मिट्झवा म्हणजे काय ते कळलं. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ज्याला धरत नव्हते, त्याच्यावाचून आज सगळं अडलं होतं. प्रार्थनेचा चामडी पट्टा दंडाला गुंडाळताना तो दोनदा चुकला. वाचायला लागल्यावर आवाज लागला, आणि आबा शेवटपर्यंत काठीवर उभे राहिले.

फ्लोराने घर विकलं नाही. गेल्या वर्षी गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा कुठे ती लीयाकडे गेली, किल्ली माझ्याकडे ठेवून. पण त्या दिवसाचं ते वाक्य आमच्यात पडून राहिलं. तिने खरं सांगितलं याचं मला कौतुक होतं, आजही आहे, आणि खरं असूनही ते लागायचं थांबलं नाही. मी कधी तिला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

सातव्या दिवशी घरी प्रार्थना असते. लीयाने संध्याकाळी सहाची वेळ कळवली होती. आबा आता नाहीत. आम्ही गल्लीतले सात जण जीप करून सकाळी दहाला निघालो, आणि तरी भिवंडीच्या पुढे अडकलो ते अडकलोच. ठाण्यात पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. जिना चढताना मी यांना म्हटलं, "झालं असेल सगळं. आता नुसतं भेटायचं." दारात चपलांचा ढीग होता. आत पुरुष उभे होते, डोक्यावर टोप्या, हातातली पुस्तकं मिटलेली.  योना बाहेर आला. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. मी उशिराची माफी मागायला लागले तर त्याने माझी पिशवी हातातून घेतली.

"दहा कधीच झालेत, सुमनआजी. पण आजीने सांगून ठेवलं होतं, धुळ्याची माणसं आल्याशिवाय सुरू करायचं नाही." त्याने जिन्यात वाकून पाहिलं, आमच्यातला शेवटचा माणूस वर येईपर्यंत थांबला, आणि मग आत वळून म्हणाला, "आले सगळे. करा सुरू."