जवळ्यावर टांगलेली सीडी

पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात पहिला कॉम्प्युटर आमच्या घरी आला. दिराच्या पनवेलच्या ऑफिसाने तो मोडीत काढला होता. रोह्याच्या एका कंपनीत फोन घेणाऱ्या मुलीची जागा होती. सोमवारी मुलाखत, तीही इंग्रजीतून. म्हणून माझी मुलगी इंग्रजी शिकवणारी सीडी लावून बसायची. सीडीतली बाई एक वाक्य बोले, ही तिच्यामागून तेच म्हणे.

गुरुवारी कॉम्प्युटर बंद पडला. दुसऱ्या दिवशी पेणच्या क्लासचे सर आले, आतलं सगळं पुसून नव्याने भरून गेले. संध्याकाळी सीडी लावली तर बाईचे ओठ हलत होते, आवाज नाही.

"खारी हवा लागली," मी म्हटलं. आमच्याकडे रेडिओ बसला की उन्हात ठेवायची रीत. शनिवारी सकाळी दोन्ही स्पीकर सुपात घालून अंगणात ठेवले.

नवरा म्हणाला, "मीठ पण लाव गो, पावसाळाभर टिकतील."

स्पीकर तापले, बोलले नाहीत. मुलीने नाक्यावरून सरांना फोन केला आणि पळत आली. "आई, आवाजाचा ड्रायव्हर, म्हंजे आवाज चालवणारा प्रोग्राम, टाकायचा राहिलाय. कॉम्प्युटरबरोबर एक सीडी आली होती, त्यात हाय. पांढऱ्या पाकिटातली. बघितलीस?"

मी अंगणाकडे बघितलं. कोळंबीहून बारीक जवळा वाळत घातला होता, त्याच्यावर काठीला ती चकाकत फिरत होती. तिच्यावर चित्र नव्हतं, मला वाटलं कोरी असेल, म्हणून कावळ्यांना बुजवायला टांगली. कावळे मात्र आठवडाभर फिरकले नव्हते.

"तीच काय ती?"

"आई! माझी नोकरी टांगलीस तू तिथं!"

मी सीडी साबणाने धुतली, जुन्या लुगड्याने पुसली. दोनदा कॉम्प्युटरने ती घेतली नाही. तिसऱ्यांदा घेतली. पडद्यावर निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. ती संपेपर्यंत आम्ही दोघी जागच्या हललो नाही. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि ती बाई 'गुड मॉर्निंग' म्हणाली. तेवढ्यात बाहेर कावळ्यांनी अर्धा जवळा नेला. मी हाकायला उठले नाही.

नोकरी लागली. आता ती रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहते. तिच्या ऑफिसात फोन केला की त्याच बाईच्या सुरात 'गुड मॉर्निंग' म्हणते, मग मला ओळखून म्हणते, "काय गो आई?" मला मात्र ते दिवस आठवतात. अंगणात जवळ्याचा वास, आणि घरात दिवसभर इंग्रजी.