जोडीचा नंबर

"लमाण्या, नवं क्राऊन कुठं इकलंस?"

वारंगा फाट्यावर, भर बाजाराच्या दिवशी, पाटील हे बोलला. जवळच्या गावचा बडा बागायतदार. जीपमधून खाली उतरलाबी न्हाई. चहाच्या टपरीवरचे लोक वळून पाहायला लागले. मी तवा तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, फाट्यावरचा मिस्त्री. त्या एका शब्दानं मी परत तांड्यावरचा चोर झालो.

चार दिवसांआधी त्याच्या जीपचं क्राऊन-पिनियन मीच बदललं होतं. मागच्या चाकांच्या मधल्या हौसिंगमधले हे दोन गियर, जोडीनंच येतात, दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवलं, दात बराबर मधोमध लागला तवाच झाकण लावलं. जुनी जोडी पोत्यात बांधून त्याच्याच जीपमधी ठेवली. फाट्याची रीतच हाय तशी. नवे दात आठ दिवस थोडे घुमतात, हेबी सांगितलं होतं. त्याला त्या घुमण्यात चोरी ऐकू आली.

"पाटील, पोतं सोडून पाहा की. जुनं त्यात हाय."

"त्यात कोणाचं भंगार भरलंस, मला काय ठावं? तुमची जातच तशी. खोल."

गॅरेज उस्तादांचं. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली. आता तरी ते बोलतील म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "खोल के दिखा दे रे. गाहक है."

खोललं. तेल घमेल्यात काढलं, एक्सल ओढले, क्राऊन बाहेर घेऊन फडक्यानं पुसलं, नंबर दाखवला. मग आतल्या पिनियनचा दाखवला. एकच. दातबी कोरे, झीज न्हाई.

पाटलानं वाकून पाहिलं. "बरं बरं. बसव आता," म्हणाला आन चहा मागवला. स्वतःपुरता.

खरं सांगतो, त्यानं अजून एक शिवी दिली असती तर मी गुमान बसवलं असतं. त्या 'बरं बरं'नं डोकं फिरलं.

"न्हाई बसवत."

"काहून?"

"मी बराबरच बसवलं होतं. हे तुमी खोलायला लावलं."

उस्तादांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतःच जीपखाली शिरले. लई वाईट वाटलं. तरी मी हललो न्हाई.

गॅरेज त्या दिवशीच सुटलं. कळमनुरी, हिंगोली, कुणी दारात उभं केलं न्हाई. बातमी माझ्याआधी पोचलेली. बातमीत चोरी होती, नंबर कुठंच नव्हता.

आता तांड्याच्या वाटेवर बाभळीखाली बसतो. एखादा ट्रॅक्टर येतो, न्हाईतर येत न्हाई. बायको दुसऱ्याच्या हळदीत मजुरीला जाते. काही बदललं न्हाई, बदलंल असंबी वाटत न्हाई. पण गाडी बिघडली तर दहादा खोलीन. मी चोर हाय का न्हाई ते बघायला कुणी आला, तर पाना त्याच्या हातात दीन. तूच खोल म्हणीन.