बारा महिने कूलर

चौथीच्या वर्गाला दरवर्षी मी हवा आणि हवामान शिकवते. सकाळी धुकं होतं, दुपारी घाम आला, ही झाली हवा. ती दिवसातून दोनदा बदलते. वर्षानुवर्षं एखाद्या गावात जे नेहमीचं असतं, ते हवामान. एका गार दिवसावरून गावाला थंड ठरवायचं नाही, असं मी मुलांना बजावते.

आमचा वारज्यातला फ्लॅट वन बीएचके. बेडरूम सासऱ्यांची, तिचं दार कायम लोटलेलं. आम्ही दोघं आणि मुलगी हॉलमध्ये, आणि हॉलला एकच खिडकी. सासरे यवतमाळकडचे. तिकडे होळी झाली की खिडकीत कूलर बसवतात आणि पावसाळ्यात काढून ठेवतात. पुण्यात आल्या आल्या त्यांनी तेच केलं. पत्र्याचा भलामोठा कूलर खिडकीत नटबोल्टने पक्का बसवला, फटी थर्माकोलने बुजवल्या. मुलगी तेव्हा माझ्या पोटात होती. काढायचा पावसाळा मात्र उगवलाच नाही.

"काहून काढाचा? ऊन काय सांगून येते?" हे ते दिवाळीतसुद्धा म्हणायचे. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, तुमच्याकडे बारा महिने उन्हाळा वाटतं?" मी कसनुसं हसायची, वर यायची आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावायची.

त्या हॉलमध्ये जीव गुदमरायचा माझा. फोडणीचा वास, ओल्या कपड्यांचा वास, सगळं आतच मुरायचं. नवऱ्याला म्हणायची, "अहो, बोला ना आज बाबांशी."

"आज त्यांचं डोकं तापलंय. उद्या बघू."

उद्या त्यांचे गुडघे दुखायचे, परवा गावाकडचं कुणीतरी यायचं. भूगोल शिकवणारी बाई मी, आणि रोज सकाळी सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायची. आज नाही तर उद्या निवळेल, असं मला खरंच वाटायचं.

यंदा मुलगी माझ्याच वर्गात आली. मी गृहपाठ दिला: संध्याकाळी घराच्या खिडकीतून आभाळ बघायचं आणि आजची हवा कशी आहे ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. त्या संध्याकाळी भाजी घेऊन परतले, तर ही पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये मान वर करून उभी.

"अगं, खाली कशाला आलीस? खिडकीतून बघायला सांगितलं होतं ना?"

"पण आपल्या घराला खिडकी नाहीये ना, आई."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. आपला पत्ता सांगावा, तसं सांगितलं तिनं. आणि पुन्हा वर आभाळाकडे बघायला लागली.

भाजीची पिशवी हातातच होती. वर जाऊन बाबांचा चेहरा बघितला असता, तर पुन्हा उद्यावर गेलं असतं. मी खालच्या काकांची बेल वाजवली आणि म्हटलं, "काका, नट खोलायला पाना आहे का तुमच्याकडे?"