एका माडावर एकच तार

उभ्या गोव्यात केबलच्या तारेसाठी देवाला गाऱ्हाणे घालणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला! केबल टीव्हीचा धंदा घालून पेडण्यात आमच्या वाड्यावर येऊन राहिलेले हे भावोजी म्हणजे साऱ्या वाड्याचे जावई. टेलिफोनच्या खांबाला खाजगी तार बांधायची नाही, असा सरकारी नियम. बाकीचे केबलवाले खुशाल बांधत. भावोजी पडले सरळमार्गी. त्यांनी अख्खी केबल माडांवरून फिरवली. तीही मालकाला विचारून, माडाखाली चार माणसे जमवून, त्याच माडाचा नारळ ठेवून. "बा देवा म्हाराजा, ह्या तारेक वाऱ्यापावसापासून राख, आणि माकडांक तिच्यार झोके घेवक देव नको रे म्हाराजा!" आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणायचे आणि मालकाच्या देखत मालकाचेच खोबरे खायचे. बहीण कपाळाला हात लावी. "तुमी केबल घालतास काय जत्रा करतास?"

तार तुटली तर चुकलेली मालिका भावोजी घरोघर जाऊन स्वतः सांगत. त्यांच्या गोष्टीत खाष्ट सासू शेवटी हमखास सुधारायची. बायकांना मूळ मालिकेपेक्षा तीच आवडे.

मग एका बड्या कंपनीची माणसे आली. एकाच तारेतून टीव्ही आणि फोन! पण माडाची चुडते, म्हणजे झावळ्या, पडून तारा गुंतायच्या, म्हणून पंचायतीने ठरवून टाकलेले: एका माडावर एकच तार. माडवाले एका सुरात म्हणाले, जावयाची तार उतरणार नाही. भावोजींना कोण आनंद! पण शेजारच्या काकीचा झील, एकुलता मुलगा, कुवेतला. सरकारी फोनसाठी अर्ज करून तिचे डोळे शिणले होते. दर रविवारी दुखरे गुडघे घेऊन ती बाजारातल्या फोनच्या बूथवर जाऊन बसे. तीसुद्धा म्हणाली, "जावयाच्या पोटार पाय देवन माका फोन नको."

हे ऐकल्यापासून भावोजींचे जेवणात लक्ष लागेना. एके सकाळी ते माडावर चढले आणि स्वतःच्या हाताने आपली तार सोडू लागले. काकी धावत आली. "अरे, ह्या काय करतंस?"

"काकी, माझी तार चित्र हाडता. तुझ्या झिलाचो आवाज हाडता काय?"

खाली उतरून त्यांनी कंपनीच्या तारेसाठीही नारळ ठेवला. कंपनीची पोरे बघतच राहिली. बहिणीने जुनी तार गुंडाळली.

काकीचा फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा वाडाभर माणसे तिच्या पडवीत जमली. तिने रिसीव्हर कानाला लावला आणि नुसती रडत राहिली. पलीकडून झील ओरडत होता, "आये, बोल मगे! आयकाक येता मा?"

"आवाज बरो येता मा गे?" भावोजींनी दारातूनच विचारले. काकीने मान हलवली, रिसीव्हर मात्र कानावरून काढला नाही. भावोजी चपला घालून हळूच निघाले. मला त्यांचा अभिमान वाटला. मागून मी हाक मारली, तर म्हणाले, "बोलांदे रे तिका. खूप दिसांचा साठला हा."